चौतीस पावलं

बालवाडीच्या दारापासून
पहिलीच्या उंबऱ्यापर्यंत चौतीस पावलं.
माझी.
मुलांची किती, ते दर वर्षी वेगळं येतं,
कारण मध्ये पाण्याची टाकी आहे,
टाकीचा नळ गळतो,
नळाखाली शेवाळ आहे
आणि शेवाळात सोमवारपासून एक बेडूक.

उद्यमनगरातल्या कुठल्याशा कारखान्यानं दिलेला
फुटका ब्रेक-ड्रम, तीच आमची घंटा.
भिंतीपलीकडे लेथ सुरू झाली
की गोष्टीतला वाघ झाडाखाली थांबतो.
लेथ बंद, मग वाघ पुढे.

वर्षभरात काय शिकवलं, याचं पत्रक येतं.
उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी, गोल.
रंग सहा. आकार चार. बडबडगीतं बारा.
भरते मी, खोटं लिहीत नाही.
पण कुठल्या रकान्यात घालू
की शंभूराज घोरपडे आता
रडायला बसण्याआधी चप्पल काढून ठेवतो, जोडीनं;
की अन्वी भोपळेनं परवा
चपातीचा तुकडा हातात धरून
सगळ्या वर्गाला विचारलं, कुणाला पायजे,
आणि कुणी हो म्हणायच्या आत खाऊन टाकला.
निम्मं तरी झालं ना.

मुजफ्फर शिकलगार जूनमध्ये आला
आईच्या ओढणीचं टोक दातात धरून.
नाव घेतलं, गप्प.
महिनाभर गप्प.
जुलैत एकदा त्याच्या नावापाशी मी अडले,
तर पाटावर बोटाच्या पेरानं, दोनदा,
टक् टक्.
त्याचे वडील सायकलवरून फिरून कात्र्यांना धार लावतात.
त्या आवाजाशी हे जुळत नाही,
मी घरी जाऊन ऐकून आले.
सीपीआरला कान तपासले. उत्तम, म्हणाले.
मी 'हजर' लिहिलं.

दिवाळीनंतर मात्र हट्टाला पेटले.
तोंडानं म्हण. एकदाच म्हण.
त्यानं बोट मुठीत घेतलं
आणि दोन दिवस आलाच नाही.
त्या दोन दिवसांच्या चौकटी
माझ्या हजेरीपटात आहेत,
गैरहजर कोण होतं ते मला माहीत आहे.

मार्चमध्ये चौगुले सर म्हणाले,
आणा एकदा पोरं, बघू तयारी.
एकमेकांचे शर्ट धरून निघालो.
बेडकापाशी दहा मिनिटं गेली.
पहिलीतली बाकं उंच, चोवीस पाय लोंबकळत राहिले.
सर नावं घेत गेले, खालमानेनं.
मुजफ्फर शिकलगार.
टक् टक्.
मुजफ्फर शिकलगार!
टक् टक्.
"बाक कोण वाजवतंय रे?"

मी दारात. तोंड उघडलं,
तर शेवंतामावशीनं मागून पदर ओढला.
तेवढ्यात अन्वी उभी राहिली, चक्क बाकावर,
"सर, त्यो हाजर म्हणाला की."
शंभूराज म्हणाला, "त्येचं असंच असतंय."
आणि मागून कुणीतरी,
"दोनदा म्हणाला. तुमीच ऐकला न्हाईसा."

सरांनी पेन टेकवलं.
काय लिहिलं, दारातून दिसलं नाही.
पुढचं नाव घेतलं, एवढं खरं.
प्रेरणा माळी खणखणीत 'हजर' म्हणाली
आणि वर दोन टकटक, उगाच.

पत्रक अजून टेबलावर आहे.
'शाळापूर्व तयारी: पूर्ण / अपूर्ण',
नको ते खोडा, असं खाली लिहिलंय.
पेन शंभूराजनं नेलंय, मिळेल उद्या.

परत येताना बेडूक जागेवर नव्हता.
घंटा झाली तरी आम्ही शोधत राहिलो,
नळामागं, विटांच्या फटीत.
मग मुजफ्फर पुढे झाला,
टाकीच्या सिमेंटवर बोटानं
दोनदा वाजवलं
आणि कान लावून उभा राहिला.